समुद्री शेवाळ खावं का? कुठलं, किती आणि कोणी जपून

तेजू_निशिकासाई

गेले काही महिने भारतातून मला एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं धागाच काढते. "तू जपानमध्ये राहतेस ना, ते सीवीड खरंच एवढं चांगलं असतं का गं, आम्ही ऑनलाइन मागवू का?" कोणी रील बघितलेली असते, कोणाला जिमच्या ट्रेनरने सांगितलेलं असतं, आणि माझ्या मावशीने तर एका पावडरीच्या डब्याचा फोटो पाठवला ज्यावर थायरॉइड, केसगळती, वजन, सांधेदुखी सगळ्याला तोच एक डबा पुरेल असं छापलेलं.

माझ्या घरात शेवाळ जवळजवळ रोज असतं आणि मला ते मनापासून आवडतं, त्यामुळे कोणाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. पण आधी एक सांगते. सीवीड नावाचा एकच एक पदार्थ नसतो. भाजी खावी का असं कोणी विचारलं तर आपण म्हणू ना, बाई गं कुठली भाजी, पालक का सुरण? तसंच आहे हे.

नोरी म्हणजे कागदासारखे पातळ काळपट हिरवे चौकोन, जपानी सुशी किंवा ओनिगिरी म्हणजे भाताच्या गोळ्यांना गुंडाळतात ते. मूळचं हे लाल शेवाळ, भाजलं की हिरवट दिसतं. वाकामे म्हणजे मिसो सूपमध्ये तरंगणारी हिरवी मऊ पानं, हे तपकिरी शेवाळांपैकी. कोम्बू पण तपकिरीच, पण जाड लांब पट्टे, मुख्यतः होक्काइदो या जपानच्या उत्तरेकडच्या बेटाच्या थंड समुद्रातले, यापासून दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी करतात. आणि हिजिकी, काळ्या बारीक काड्यांसारखं, त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

आता आयोडीन बघा. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्याप्रमाणे भाजलेल्या नोरीच्या एका ग्रॅममध्ये साधारण २१ मायक्रोग्रॅम आयोडीन, सुक्या वाकामेत १०० च्या आसपास आणि सुक्या कोम्बूत २००० च्या आसपास! मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५०. म्हणजे नोरीचं एक पान (जेमतेम ३ ग्रॅम) खाल्लं तर गरजेच्या निम्म्याहून कमी, आणि कोम्बूचा एक ग्रॅमचा तुकडा म्हणजे जवळजवळ दोन आठवड्यांचं आयोडीन एका घासात. दोन्हीला आपण सीवीडच म्हणतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

फायदे आहेतच. फायबर भरपूर आणि ते आपल्या धान्यातल्या फायबरपेक्षा वेगळ्या जातीचं, उष्मांक जवळपास नाहीत, आयोडीन आहे, थोडं मॅग्नेशियम-कॅल्शियम आहे. आणि चव! १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि उमामी ही चव जगाला कळली ती याच शेवाळातून. दाशी चांगली असेल तर वर मीठ कमी लागतं हा मला रोजच्या जेवणात जाणवणारा फायदा. पण ज्यांना थायरॉइड आहे, ज्या बाळंतीण आहेत, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी पुढचं सगळं वाचल्याशिवाय ऑर्डर दाबू नका प्लीज.

जास्वंद

तेजू फार बरं झालं धागा काढलास. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि कोरियन सिरियल बघून बघून आता डब्यात पण ती भाजलेली सीवीडची पाकिटं हवी असतात तिला. चिप्सपेक्षा बरं म्हणून मी देते, तर दिवसाला किती चालेल? ती सोडली तर तीन पाकिटं सहज संपवते.

आहारवाली

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते, म्हणून मध्ये बोलते. ती पाकिटं म्हणजे गिम, नोरीचीच बहीण, त्यावर तिळाचं तेल आणि मीठ लावून भाजलेली. पाकीट साधारण ४-५ ग्रॅमचं असतं, म्हणजे वरच्या आकड्यांनी १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन आलं. नऊ वर्षांच्या मुलीची रोजची गरज १२० आहे आणि आपल्या घरच्या मिठातून, दुधातून तिला मिळतंच आहे. अमेरिकेतल्या मर्यादेप्रमाणे ९ ते १३ वयाच्या मुलांना ६०० च्या वर जाऊ नये. त्यामुळे एक पाकीट अधूनमधून द्या, बिनधास्त. तीन पाकिटं रोज हा मात्र पायंडा नको, आणि त्यात आयोडीनइतकंच कारण मीठ आणि तेल हे पण आहे, पाकिटाच्या मागे सोडियम बघा एकदा. आणि पाकिटावर केल्प (मोठी तपकिरी शेवाळं, कोम्बू त्यातलंच) किंवा कोम्बू लिहिलेलं असेल तर ते मुलांना नकोच.

चिप्सपेक्षा बरं हे खरं आहे पण. फक्त त्याने पोट भरत नाही, डब्यात सोबत भात किंवा पोळी हवीच.

द्राक्षबाग_तासगाव

मंडळी आमच्याकडे सीवीड म्हटलं की कृषी सेवा केंद्र आठवतं ☺ द्राक्षाला छाटणीनंतर आणि मणी सेट व्हायच्या वेळी सीवीड एक्स्ट्रॅक्टची फवारणी असतेच की, काळं पाणी, उग्र वास. ते आणि हे एकच का? बागेला मानवतं हे आम्ही डोळ्यांनी बघतो म्हणून विचारतोय, माणसाला पण तसंच काही असेल का?

सागरगोटा

दादा, मूळ कच्चा माल त्याच कुळातला. तुमच्या बाटलीत बहुतेक थंड देशातल्या अॅस्कोफिलम नावाच्या तपकिरी शेवाळाचा अर्क असतो, नाहीतर आपल्याच तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलेल्या कॅपाफायकसचा रस. तो रस काढून खत करायचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संस्थेचं. पण झाडाला जे मानवतं ते त्यातली वाढीची संप्रेरकं आणि पोटॅशमुळे, त्याचा आपल्या तब्येतीशी काही संबंध नाही. आणि ती बाटली खाण्याच्या प्रतीची नसते हे सांगायला नकोच.

मी रत्नागिरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे म्हणून थायरॉइडबद्दल थोडं लिहितो, कारण रोज टीएसएचचे (थायरॉइडची तपासणी, ग्रंथी कमी काम करत असली की हा आकडा वर जातो) रिपोर्ट हातातून जातात. आमच्याच घरात झालेलं आहे. वहिनीला हाशिमोटो आहे, म्हणजे शरीर स्वतःच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करतं तो प्रकार, गोळी चालू, टीएसएच छान आटोक्यात. कोणीतरी तिला सांगितलं की थायरॉइड म्हणजे आयोडीन कमी, केल्पच्या कॅप्सूल घे नैसर्गिक आहेत. तिने घेतल्या आणि पुढच्या तपासणीत टीएसएच चांगलाच वर. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या, मग हळूहळू जागेवर आला.

असं का होतं तर ग्रंथीला आयोडीन एकदम जास्त मिळालं की ती हार्मोन बनवणं काही काळ थांबवते, ही तिची स्वतःला वाचवायची पद्धत आहे. निरोगी माणसात थोड्या दिवसांत गाडी रुळावर येते. पण हाशिमोटोवाल्या, आधी ग्रंथीचं ऑपरेशन झालेल्या किंवा गर्भातल्या आणि नवजात बाळाच्या ग्रंथीला ते जमत नाही आणि हायपोथायरॉइड होतं, म्हणजे हार्मोन कमी पडतं. उलट ज्यांच्या ग्रंथीत जुन्या गाठी आहेत त्यांच्यात जास्त आयोडीनने हायपर, म्हणजे हार्मोन जास्त, पण होऊ शकतं. त्यामुळे थायरॉइड आहे म्हणून शेवाळ खा हा सल्ला भारतात आज बहुतेकांच्या बाबतीत उलटा पडतो, कारण आपल्याकडच्या हायपोथायरॉइडचं कारण आता बहुतेक वेळा आयोडीनची कमतरता नसतंच.

आणि केसांसाठी केल्प अधिक बायोटिन अशा ज्या गोळ्या असतात ना, त्यातलं बायोटिन काही मशीनवर थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा दाखवतं. तपासणीआधी लॅबला सांगा बाबांनो काय काय घेताय ते.

बिनधास्त_बारामती

माफ करा पण मला हे पटत नाही. जपानी लोक पिढ्यान्‌पिढ्या कोम्बू खातात आणि जगात सगळ्यात जास्त जगतात. आपल्याकडे कुठल्याही नैसर्गिक गोष्टीला डॉक्टर लोक आधी नाही म्हणतात आणि वीस वर्षांनी तेच गोळी करून विकतात. तेजूताईच म्हणतात घरात रोज असतं, मग आपल्यालाच का भीती?

तेजू_निशिकासाई

अरे प्रश्न रास्त आहे, मला पण इथे आल्यावर हाच पडला होता.

एक तर जपानी माणूस सरासरी दिवसाला १ ते ३ मिलिग्रॅम आयोडीन खातो असा अंदाज आहे, म्हणजे आपल्या कित्येक पट, हे खरं. त्यांची सरकारी वरची मर्यादाच ३००० मायक्रोग्रॅम आहे, युरोपात तीच ६००, अमेरिकेत ११००. पण त्यांच्या ग्रंथीला लहानपणापासून ही सवय असते आणि सोबत सोयाबीन इतकं खाल्लं जातं की आयोडीनचा परिणाम थोडा कमी होत असावा असं मानतात. दुसरं म्हणजे कोम्बू कोणी ताटभर खात नाही, पाण्यात भिजवून काढून टाकतात किंवा बारीक तुकडा गोडसर शिजवून भाताबरोबर चवीला घेतात.

आणि जपानमध्ये त्रास होत नाही असं मुळीच नाही! होक्काइदोच्या किनाऱ्यावर जिथे कोम्बू निघतो तिथे गलगंडाचे इतके लोक सापडले की १९६५ मध्ये जपानी डॉक्टरांनीच त्यावर लिहिलं, त्याला किनारी गलगंड असं नाव दिलं, आणि कारण निघालं कोम्बूतलं आयोडीन. खाणं कमी केल्यावर अनेकांचा गळा उतरला.

जास्त जगण्याबद्दल म्हणशील तर जपानमध्ये मोठ्या पाहणीत शेवाळ जास्त खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार थोडा कमी दिसलाय हे खरं आहे. पण तीच माणसं मासे, भाज्या, सोया पण जास्त खातात, चालतात जास्त. एकट्या शेवाळाला श्रेय देता येत नाही.

सागरगोटा

तेजूने होक्काइदो सांगितलं म्हणून त्याच्या बरोब्बर उलटं आपल्याकडचं सांगतो, प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवं असं मला वाटतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागात आयोडीनचं मीठ दिलं आणि काही भागात साधं. जिथे आयोडीन दिलं तिथे काही वर्षांत मुलांचे गलगंड झपाट्याने कमी झाले. त्यातून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि आज आपल्या घरातल्या मिठात ते आयोडीन आहे. नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हातात पडताना मिठात किमान १५ पीपीएम हवं, म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम, बरोबर दिवसाची गरज.

तर हिमालयात गलगंड कमी आयोडीनने आणि होक्काइदोत जास्त आयोडीनने, गळा दोन्हीकडे सुजतो. भारतात आयोडीनचं मीठ खाणाऱ्या घराला शेवाळातून आयोडीनची गरज नाही. गरज पडू शकते ती कोणाला, जे घरी फक्त सैंधव किंवा ते गुलाबी मीठ वापरायला लागलेत, कारण त्यात आयोडीन घातलेलं नसतं. अशा घरात दूध-मासे पण नसतील तर खरंच कमतरता होऊ शकते. पण त्याचा उपाय केल्पची कॅप्सूल नाही, उपाय २५-३० रुपयांची आयोडीनयुक्त मिठाची पिशवी आहे.

बिनधास्त_बारामती

हे सैंधवाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे दोन वर्षांपासून तेच आहे. होक्काइदोचं पण माहीत नव्हतं. ठीक आहे, कॅप्सूल नको हे मान्य. पण अन्न म्हणून खायला माझा पाठिंबा कायम.

सागरगोटा

अन्न म्हणून माझा पण आहे 👍

मृणाल_एच

मी सातव्या महिन्यात आहे आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे सोलला राहतो. इथे बाळंतपणानंतर ते मियोक-गुक म्हणून वाकामेचं सूप देतात, हॉस्पिटलमध्ये दिवसातून तीनदा, कित्येक आठवडे. शेजारच्या आजींनी आत्तापासून सुकं शेवाळ आणून दिलंय इतक्या प्रेमाने. आपल्या डिंकाच्या लाडवांसारखंच आहे ते त्यांच्यासाठी. घेऊ का नको?

आहारवाली

मृणाल, आधी अभिनंदन गं! आजींचं मन मोडायची गरज नाही पण प्रमाण तू ठरव. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची आयोडीनची गरज वाढते, जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे २५०, त्यामुळे थोडं वाकामे वाईट नाही. पण तीन वेळा मोठा वाडगा म्हणजे फार होतं, ते आयोडीन दुधातून बाळाकडे जातं आणि नवजात बाळाची ग्रंथी तेवढा भार सोसू शकत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला आहे की गरोदर आणि स्तनदा माता आणि मुलांनी तपकिरी शेवाळ आठवड्यातून एकदाच खावं.

तुझ्या डॉक्टरांना सांग की मी भारतीय आहे, या आहाराची सवय नाही, आणि माझ्या प्रसूतीपूर्व गोळीत आयोडीन आहे का ते पण विचार कारण बऱ्याचदा असतं. सूपच्या पाण्याला कोम्बू लावतात का तेही विचार, कारण कोम्बू उकळला की त्यातलं बहुतेक आयोडीन पाण्यात उतरतं. तुकडा काढून टाकला तरी आयोडीन सूपमध्ये राहतं, हे खूप जणांना माहीत नसतं.

मृणाल_एच

खूप खूप धन्यवाद ताई. आठवड्यातून एकदा आजींकडेच जाऊन खाईन आणि बाकी दिवस अळीव, म्हणजे दोन्ही बाजूच्या आज्या खूश.

शुद्ध_शाकाहारी_नागपूर

माझा प्रश्न ब१२ चा. आम्ही दूध-दही पण फार घेत नाही, ब१२ नेहमी कमी येतं. स्पिरुलिना आणि नोरी दोन्हीने वाढतं असं वाचलं. आणि नोरी शाकाहारी धरायची ना?

आहारवाली

स्पिरुलिना आधी बाजूला काढू. ते समुद्री शेवाळ नाहीच, खारट-क्षारयुक्त तळ्यांत वाढणारे सूक्ष्म जिवाणू आहेत, आणि त्यातलं ब१२ हे बरंचसं नकली रूप आहे, शरीराला वापरता येत नाही. नोरीत खरं ब१२ सापडतं, वाकामे-कोम्बूत जवळपास नाही. पण नोरीच्या पानापानात फरक असतो, त्यामुळे ज्याचं ब१२ आधीच कमी आलंय त्याने नोरीवर भरवसा ठेवू नये. हातापायाला मुंग्या, विसराळूपणा वगैरे सुरू व्हायच्या आत डॉक्टरांकडून गोळी किंवा इंजेक्शन घ्या, नोरी आवडली तर वर खा.

प्रोटीनचं पण तसंच. सुक्या नोरीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रोटीन असतं हे खरं, पण पान तीन ग्रॅमचं, म्हणजे हातात आलं एक ग्रॅम. मुठीभर शेंगदाणे त्याच्या कितीतरी पुढे.

तेजू_निशिकासाई

शाकाहारीबद्दल मी सांगते. शेवाळ शाकाहारीच, पण सोबतचे मसाले बघा. चवीच्या नोरीला बऱ्याचदा कोळंबीचा किंवा माशाचा अर्क लावलेला असतो, दाशीच्या तयार पावडरीत बहुतेक वेळा कात्सुओ म्हणजे सुका मासा असतो. शुद्ध हवं तर फक्त कोम्बूची दाशी असं लिहिलेलं घ्यायचं किंवा साधी न चवीची नोरी. समुद्रातून येताना बारीक खेकडे, झिंगे अडकलेले असू शकतात अशी सूचना पण पाकिटावर असते, ज्यांना कवचवाल्या माशांची अॅलर्जी आहे त्यांनी ती वाचावी.

आता हिजिकी. इथल्या आज्या म्हणतात रक्त वाढवायला हिजिकी खा, आणि जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम सुक्या हिजिकीत ५५ मिलिग्रॅम लोह असंच छापलेलं होतं. २०१५ च्या नव्या तक्त्यात पुन्हा मोजलं तर काय निघालं माहितेय का? लोखंडी भांड्यात उकडलेल्या हिजिकीत ५८ आणि स्टीलच्या भांड्यात उकडलेल्या हिजिकीत फक्त ६! म्हणजे एवढी वर्षं जे लोह मोजलं गेलं ते शेवाळाचं नव्हतंच, कढईचं होतं. मी हे वाचलं त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं की तुझी लोखंडी कढई टाकू नकोस.

आणि हिजिकीत असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिकचं विषारी रूप, बाकी शेवाळांपेक्षा खूप जास्त असतं. ब्रिटनच्या अन्न संस्थेने २००४ मध्येच ते खाऊ नका असं सांगितलं. इथे भरपूर पाण्यात भिजवून, उकडून, पाणी फेकून खातात, त्याने बरंच कमी होतं. पण भारतातून मुद्दाम मागवायचं असेल तर हिजिकी मागवू नका, त्यात असं काहीच नाही जे आपल्या हळिवात नाही.

वेंगुर्ल्याची_मधुरा

आमच्याकडे पावसाळा संपला की ओहोटीला खडक हिरवेगार दिसतात, लेट्यूससारखं पातळ पान असतं, थोडं पुढे गेलं की तपकिरी झुबके, त्यांना बारीक फुग्यांसारखे मणी. लहानपणी ते मणी फोडायचो. घरात कधी कोणी खाल्लेलं बघितलं नाही, घसरायला होतं म्हणून शिव्याच खातं ते बिचारं. जगभर विकत घेतात तर आपल्याच खडकावरचं का नाही खायचं?

सागरगोटा

मधुरा, हिरवं पान ते बहुतेक उल्वा, आणि मण्यांचे झुबके म्हणजे सर्गासम. उल्वा जगात बऱ्याच ठिकाणी खातात. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळांवर बरीच वर्षं काम केलंय, अंजुण्याचे खडक तर त्यासाठी ओळखीचे. अडचण शेवाळाची नाही, पाण्याची आहे. उल्वा मुद्दाम जोरात वाढते ती जिथे सांडपाण्याचं नायट्रोजन येऊन मिळतं तिथे, आणि शेवाळ पाण्यातलं शिसं, कॅडमियम पण धरून ठेवतं. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी, बंदराजवळ, मुंबईच्या किनाऱ्यावर तर अजिबात नाही. वाहून आलेलं, किनाऱ्यावर पडून सडलेलं पण नाही. ज्या पाण्याची तपासणी होते तिथे रीतसर वाढवलेलं खाणं हाच मार्ग, आणि मला मनापासून वाटतं की आपल्या सिंधुदुर्गात ते व्हावं. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटींची तरतूद ठेवली होती, त्यातलं कोकणात किती दिसलं ते मधुरा तूच बघतेस.

द्राक्षबाग_तासगाव

तामिळनाडूत कोण करतं हे? शेतकरी का कोळी?

सागरगोटा

जास्त करून कोळी बायका. रामेश्वरम, पांबनच्या बाजूला मन्नारच्या आखातात पिढ्यान्‌पिढ्या बायका डुबकी मारून शेवाळ गोळा करतात. डोळ्याला गॉगल, बोटं खडकाने कापू नयेत म्हणून चिंध्या गुंडाळलेल्या, कमरेला जाळीची पिशवी, अमावस्या-पौर्णिमेच्या भरती-ओहोटीचं गणित बघून पाण्यात उतरतात. त्यांच्यातल्याच लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला, कारण बायकांनी स्वतःच ठरवलं की समुद्र पुन्हा भरावा म्हणून काही काळ तोडणी बंद ठेवायची. त्या जे गेलिडिएला नावाचं शेवाळ काढतात त्याचं अगर होतं, म्हणजे आपलं चायना ग्रास! आइस्क्रीमच्या पाकिटावर स्टॅबिलायझर ४०६, ४०७ असे आकडे असतात ना, ४०६ म्हणजे अगर आणि ४०७ म्हणजे कॅराजीनन, दोन्ही शेवाळातली. अॅसिडिटीच्या काही औषधांत असतं ते सोडियम अल्जिनेट पण तपकिरी शेवाळातलं, पोटातल्या अन्नावर तरंगता थर धरतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. शेवाळ आपण सगळे कधीचे खातोय.

आहारवाली

आणि हे मला फार आवडणारं. नोरीच्या पेशीत पॉर्फिरन नावाचं फायबर असतं जे माणसाला पचत नाही. २०१० मध्ये फ्रान्समधल्या रॉस्कॉफच्या संशोधकांनी दाखवलं की जपानी लोकांच्या आतड्यातल्या एका जिवाणूकडे ते पचवायचं जनुक आहे आणि ते मूळ समुद्रातल्या जिवाणूचं, जे नोरीवर बसून पोटात गेलं असणार. अमेरिकन लोकांच्या नमुन्यांत ते सापडलं नाही. त्यामुळे एखादा पदार्थ जपानी पोटात जे करतो ते वऱ्हाडी पोटात तसंच करेल असं धरून चालू नये. फ्युकॉइडन, फ्युकोझँथिन या तपकिरी शेवाळातल्या घटकांनी कॅन्सर जातो, चरबी जळते असं जे फिरतं ते सगळं प्रयोगशाळेतलं आणि उंदरांवरचं आहे, माणसाला सांगण्याइतका पुरावा नाही. ते ९२ खनिजंवालं सी मॉस जेल पण तसलंच, पैसे वाचवा.

रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी चालू असलेल्यांनी मात्र लक्षात ठेवा, शेवाळात के जीवनसत्त्व असतं, एकदम खाणं वाढवलं तर गोळीचा असर बदलतो. आधी डॉक्टरांशी बोला.

जास्वंद

एवढं सगळं वाचून आता करून बघावंसं वाटतंय. सुरुवात कशाने करू, सोपं आणि सुरक्षित?

तेजू_निशिकासाई

साधी नोरी घे. पान गॅसवर लांबून दोन्हीकडून क्षणभर फिरवलं की कुरकुरीत होतं, हाताने चुरडून गरम वरणभातावर तूप आणि नोरी, एकदा खाऊन बघ. उघडलेलं पाकीट डब्यात, आत ती सिलिकाची पुडी टाकून ठेव, मुंबईच्या दमट हवेत एका दुपारीत चामडं होतं त्याचं. वाकामे मिळालं तर चहाचा एक चमचा सुकं चार माणसांना पुरतं. बघताना एवढंसंच वाटतं पण पाच मिनिटं पाण्यात ठेवलं की भरपूर फुगतं. ते पिळून काकडीच्या कोशिंबिरीत घालायचं, दाण्याच्या कुटाऐवजी भाजलेले तीळ, लिंबू, चिमूटभर साखर. मीठ घालायच्या आधी चव बघ, शेवाळाचं स्वतःचं असतंच. आठवड्यातून एकदा पुरे.

वेंगुर्ल्याची_मधुरा

चायना ग्रासचं पण सांगा ना, ते तर गावातल्या दुकानात पण मिळतं. आणि त्यात पण आयोडीनची भानगड असते का?

आहारवाली

नाही, अगर धुऊन उकळून गाळून बनतं, आयोडीन त्यात नगण्य उरतं, थायरॉइडवाले निर्धास्त खाऊ शकतात. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं, हे पूर्ण शाकाहारी. जवळजवळ सगळं फायबर, पोट साफ राहायला मदत होते. फक्त कोरडी पावडर पाण्यातून गिळायची नाही, ती घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकते. पूर्ण विरघळवूनच.

वेंगुर्ल्याची_मधुरा

माझं नेहमी चुऱ्यासारखं होतं, दुधात गुठळ्या राहतात. का?

तेजू_निशिकासाई

थंड दुधात ओतत असशील. अर्ध्या लिटर दुधाला ५ ग्रॅम चायना ग्रास पुरे, आधी कापून वाटीभर पाण्यात अर्धा तास भिजव, मग त्याच पाण्यात मंद आचेवर उकळ, एक पण तार दिसेनाशी होईपर्यंत, घाई नाही करायची. ते ४० अंशाच्या आसपास आलं की आळायला लागतं, म्हणून दूध बाजूच्या शेगडीवर गरम असायला हवं, गरमात गरम गाळणीतून ओतायचं आणि लगेच ढवळायचं. साखर, वेलची आधीच दुधात. आंब्याचा रस घालायचा असेल तर तो फ्रिजमधला नको, बाहेर काढून ठेवलेला घे, आणि मिश्रण गॅसवरून उतरवल्यावर घाल. फ्रिज नसला तरी आळतं, ताटात ओतून अर्ध्या तासाने वड्या पाड.